डब्याले हुद्दा नसते

मागच्या महिन्यात अमरावतीत आमच्या वस्तीतल्या पोरांसाठी कुणीतरी एक व्याख्यान ठेवलं होतं. विषय होता, स्वतःचा छोटा धंदा कसा करावा. व्याख्याते नागपूरहून आले होते आणि त्यांचा स्वतःचा धंदा व्याख्यानं देण्याचाच असावा, कारण बोलताना ते घड्याळाकडे फार पाहत होते. ते म्हणाले, गिऱ्हाइकाला देव माना. जिभेवर साखर ठेवा. आणि वेळ पडली तर वाका, ताठ माणसाने नोकरी करावी, धंदा करू नये. पोरं वहीत लिहून घेत होती. मी मागच्या बाकावर बसून हसत होतो, तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी दोनदा माझ्याकडे वळून पाहिलं.

मला हसू येत होतं ते डोमाजी तायड्यामुळे. स्वतःच्या हिमतीवर धंदा केलेला एवढा एकच माणूस मी जवळून पाहिला, आणि त्याच्या अंगी या गुणांपैकी एकही नव्हता. देव त्याने छप्पन साली आमच्याबरोबर नागपूरला जाऊन सोडले होते. साखर त्याला चहातसुद्धा फार खपत नसे. राहता राहिलं वाकणं. ते तो दर सोमवारी चक्कीचे दगड टाकीने ठोकताना करायचा, तेवढंच.

डोमाजी आणि मी अकोल्याला एकाच सरकारी कचेरीत होतो. मी कारकून आणि तो साहेबाच्या दाराशी बसणारा शिपाई. वयाने तो माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला डोमाजीभाऊ म्हणायचो आणि तो मला बाबू म्हणायचा. राहायचो एकाच वस्तीत, मोर्णा नदीच्या अलीकडे, चार घरांच्या अंतराने. साहेबाच्या दाराशी स्टुलावर तो बारा वर्षं बसला. त्या बारा वर्षांत एकही माणूस पाळी मोडून आत गेला नाही. मालगुजार येवोत, वकील येवोत, पुढारी येवोत, डोमाजी हात आडवा धरायचा आणि म्हणायचा, "नंबर." साहेब बदलले, पण हात तोच राहिला. तो हात आडवा आला की मोठमोठी माणसं मुकाट्याने बाकावर जाऊन बसत. मला वाटतं, ते पाहण्यातच त्याला पगाराहून जास्त सुख होतं.

आणि असा हा माणूस सत्तावन साली राजीनामा देऊन मोकळा झाला. वस्तीत सुतक पडल्यासारखं झालं. आमच्यात तेव्हा नोकरी ही एकच गोष्ट माणसाला माणूस करते असं सगळ्यांचं ठाम मत होतं. सरकारी शिपायाला मुलगी द्यायला हिवरखेडपासून लोक चालत येत. ज्याच्या बापजाद्यांनी गावकीचे निरोप पोचवण्यात पाय झिजवले, त्याच्या अंगावर सरकारी कोट चढला होता, आणि तो त्याने आपल्या हाताने उतरवून टेबलावर ठेवला. त्याची बायको गयाबाई आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी बोलली, ती चाळणी मागायला, कारण तोवर त्याने पिठाची चक्की घेऊन टाकली होती.

मी त्याला समजावायला गेलो होतो, हे सांगायला हवं. समजावण्याची मला फार हौस. पेन्शन, बढती, आजारीपणाची रजा, सगळं मी बोटांवर मोजून दाखवलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाबू, बारा वर्षं मी दुसऱ्याच्या दारात नंबर लावला. आता माया दारात लावतो."

चक्की होती एका कच्छी म्हाताऱ्याची. म्हातारा आपल्या देशी परत निघाला होता. जागा मात्र मोक्याची होती. एका अंगाला आमची वस्ती आणि दुसऱ्या अंगाला वकील, मास्तर, सराफ यांची मोठी गल्ली. दोन्हीकडचं दळण त्या एका चक्कीवर यायचं. म्हाताऱ्याने किल्ल्या देताना धंद्याची एकुलती एक गुरुकिल्लीही दिली. म्हणाला, सुबह गल्लीवालों का, दोपहर को बस्तीवालों का. इतना संभालना, चक्की अपने आप चलेगी. त्याचं कारण साधं होतं. चक्कीत एकाचं दळण संपून दुसऱ्याचं पडतं तेव्हा आधीच्याचं थोडं पीठ दगडांत राहिलेलं असतं, आणि ते पुढच्याच्या डब्यात उतरतं. गल्लीच्या पिठाचा अंश आमच्या डब्यात आला तर आमची हरकत नव्हती, उलट त्यात गहू असायचा. आमच्या ज्वारीचा अंश त्यांच्या डब्यात जाऊ नये, म्हणून सकाळ-दुपार. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. वर्षानुवर्षं आमच्या बायका दुपारच्या उन्हात डबे घेऊन जात आणि दुपारी चक्कीला गर्दी कमी असते असं एकमेकींना सांगत.

डोमाजीने पहिल्याच दिवशी चक्कीच्या दारापासून आतपर्यंत चुन्याची एक पांढरी रेघ ओढली. त्या रेघेवर डबे लागतील, आला त्या क्रमाने, दिवसभर. सकाळ-दुपार बंद. मी म्हटलं, भाऊ, म्हाताऱ्याने सांगितलेलं निदान वर्षभर तरी पाळा. तो म्हणाला, म्हाताऱ्याने चक्की विकली, अक्कल नाही विकली.

तर हा आमचा धंदेवाईक. सरकारने कोट परत घेतला होता, म्हणून त्याने शिंप्याकडून हुबेहूब तसाच खाकी कोट शिवून घेतला आणि तो घालून चक्कीवर बसू लागला. दुपारपर्यंत पीठ उडून कोट पांढरा व्हायचा, पण गळ्यापर्यंतची बटणं लावलेली असायची. कचेरीतलं स्टूल त्याने लिलावात मिळवलं की तसंच उचलून आणलं, हे मला ठाऊक नाही आणि मी विचारलंही नाही. चक्कीची वेळ सकाळी आठ ते बारा आणि साडेबारा ते सहा. मधला अर्धा तास जेवणाची सुट्टी, आणि ती इतकी पक्की की एखादीचं दळण अर्ध्यात असलं तरी इंजन बंद. बाई कपाळाला हात लावून बसायची. हा आतल्या खोलीत बसून बत्तीस वेळा चावून भाकर खायचा.

त्याच्या रजेची गोष्ट तर अकोल्यात पुढे कितीतरी दिवस सांगितली जायची. पुतणीच्या लग्नाला जायचं होतं, तेव्हा त्याने माझ्याकडून रीतसर रजेचा अर्ज लिहून घेतला. "विनंती की, घरगुती कामानिमित्त दोन दिवसांची रजा मिळावी." खाली अर्जदार म्हणून सही केली. मग तोच कागद फिरवून त्यावर "मंजूर" असं लिहून पुन्हा सही केली आणि चक्कीच्या दाराला डकवला. लोक येऊन वाचायचे आणि हसत परत जायचे. पुढच्या वर्षी ऐन दिवाळीच्या आधी सासुरवाडीला जाण्यासाठी त्याने पुन्हा अर्ज लिहून घेतला. एक दिवस विचार केला, आणि हंगामाचं कारण देऊन नामंजूर केला. तोही कागद दाराला लावला. गयाबाई एकटीच माहेरी गेली.

गोड बोलणं नावालाही नाही. पीठ जाडं आलं अशी कुणी तक्रार केली तर तो डब्यातून चिमूटभर पीठ घेऊन अंगठा आणि बोटामध्ये चोळायचा, डोळे मिटायचा आणि निकाल द्यायचा. चूक चक्कीची असेल तर एक शब्द न बोलता पुन्हा दळून द्यायचा. चूक बाईची असेल, म्हणजे ज्वारी ओली असेल किंवा खडे न निवडता आणलेली असेल, तर तेही चारचौघांत सांगायचा. "माय, चक्की दयते. निवडत नाई." पीठ मात्र असं उतरायचं की भाकर थापताना कड फाटायची नाही. शेजारणी त्याला शिव्या देत देत त्याच्याकडेच जात, हे त्याचं भांडवल होतं.

आमचे साहेबही त्याच्या तडाख्यातून सुटले नाहीत. त्यांच्या बंगल्याचा गव्हाचा डबा घेऊन नवा शिपाई आला आणि सवयीने त्याने तो रेघेवर सगळ्यांच्या पुढे ठेवला. डोमाजी उठला, डबा उचलला आणि नेऊन शेवटी ठेवला. शिपाई म्हणाला, साहेबांचा डबा आहे. डोमाजी म्हणाला, "डब्याले हुद्दा नसते." हे वाक्य संध्याकाळच्या आत कचेरीत पोचलं आणि दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला आत बोलावून विचारलं की तायडे तुमच्याच वस्तीतले ना. मी हात जोडून डोमाजीच्या वतीने माफी मागून आलो. डोमाजीला विचारण्याची गरज मला वाटली नाही.

आता मोठ्या गल्लीचं ऐका. चुन्याची रेघ पडल्यावर गल्लीतल्या बायका दोन दिवस आल्या. रेघेवर वकिलीणबाईंचा पितळी डबा आणि त्याच्या पुढे आमच्या सखूबाईचा घासलेटचा डबा, असं दृश्य दिसलं. तिसऱ्या दिवसापासून गल्ली बंद. आठवड्याने गल्लीच्या वतीने एक निवृत्त हेडमास्तर आले. त्यांना आम्ही सगळे नानामास्तर म्हणायचो. माणूस वाईट नव्हता. आमच्या कितीतरी पोरांना त्यांनी शिकवलं होतं, मलाही. मी तेव्हा चक्कीवरच बसलो होतो, मी उठून उभा राहिलो. मास्तर फार मऊ बोलले. गल्लीत पन्नास घरं आहेत. सणावाराचं, उपासाचं, लग्नकार्याचं सगळं दळण तुझ्याकडेच येईल. फक्त पूर्वीसारखी सकाळ ठेव. "डोमाजी, यात जातीचा काही प्रश्न नाही. स्वच्छतेचा प्रश्न आहे."

डोमाजीने विचार केल्यासारखं केलं. मग म्हणाला, स्वच्छतेचा प्रश्न असेल तर सोपं आहे. प्रत्येकाच्या दळणाची पहिली मूठ मी बाजूच्या डब्यात काढीन. आधीच्याचं जे काही दगडांत राहिलं असेल ते त्या मुठीबरोबर निघून जाईल. ज्याला पाहिजे त्याला, कुठल्याही बाजूचा असो. पाळी मात्र रेघेवरची. स्वच्छतेचा प्रश्न सुटला होता आणि तरी मास्तरांचं काम झालं नव्हतं. ते छत्री उचलून निघून गेले. मी डोमाजीला म्हटलं, भाऊ, पन्नास घरं गेली. धंद्यात थोडं वाकावं लागतं. तो इंजनाच्या तोंडाशी हात शेकत म्हणाला, "गेली नाई. पाय दुखाचेच हायेत अजून."

आणि तसंच झालं. दुसरी चक्की नदीच्या पलीकडे होती. गल्लीतले गडी डोक्यावर डबे घेऊन पूल ओलांडत होते. धर्म तीन आठवडे चालला, चौथ्या आठवड्यात दमला. आधी वकिलीणबाईंचा डबा आला, मग सराफांचा, मग बाकीचे. प्रत्येक डब्याची पहिली मूठ बाजूला पडू लागली. त्या बाजूच्या डब्यात गहू, ज्वारी, बाजरी, हरभरा असं सगळ्या गावाचं पीठ साठायचं आणि डोमाजीच्या घरी त्याच्याच भाकरी व्हायच्या. पुढे पुढे गल्लीतल्या बायका "राहू दे रे मूठ, वाया कशाला घालवतोस" म्हणायला लागल्या. धर्म आणि काटकसर यांची गाठ पडली की काटकसर जिंकते, हे मी तेव्हा शिकलो. आमची वस्ती या विजयाने फुगली होती. मीही कचेरीत ही गोष्ट रंगवून सांगायचो, आणि सांगताना मी स्वतः काहीतरी केलं असावं असा ऐकणाऱ्याचा समज होऊ द्यायचो.

मग चंपाबाई आली.

चंपाबाई म्युनिसिपालटीत झाडूकामाला होती. नदीच्या काठाला त्यांची दहा-पंधरा घरं होती, आमच्या वस्तीच्याही खाली. इतके दिवस ते लोक घरच्या जात्यावर दळायचे. कुणीतरी तिला सांगितलं की या चक्कीवर कुणालाही नंबर मिळतो. एका सकाळी ती दारात आली, डबा बाहेरच ठेवून उभी राहिली. डोमाजीने स्टुलावरून विचारलं, डबा बाहेर कशासाठी, चक्की आत आहे. तिने डबा आत आणून रेघेवर ठेवला. तिच्या मागे सखूबाईचा डबा होता, त्याच्यामागे माझ्या बायकोचा.

माझी बायको दळण न घेता घरी आली. सखूबाईही आली. संध्याकाळपर्यंत वस्तीतल्या पंधरा बायका आमच्या अंगणात जमल्या. त्या काय म्हणाल्या ते लिहायला मला लाज वाटते, पण लिहितो. त्या म्हणाल्या, आम्ही दीक्षा घेतली, चांगलं राहतो, चांगलं नेसतो, ते काय हिच्या मागे उभं राहण्यासाठी? आणि आम्ही पुरुष खाली मान घालून ऐकत होतो. बायका बोलत होत्या ते आमच्याही मनात होतं. फक्त आम्ही सभेत भाषणं ठोकलेली असल्यामुळे आम्हाला ते तोंडाने म्हणता येत नव्हतं. कुणीतरी डोमाजीशी बोलायला हवं असं ठरलं. शिकलेला मी. समजावण्याची हौसही मला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या अर्ध्या तासात मी गेलो. तो भाकर चावत होता. मी बरंच इकडचं तिकडचं बोललो. चंपाबाईला शेवटी, पाच वाजता बोलवावं, तिलाही सोयीचं पडेल, असं सुचवलं. आणि मग, देवाशपथ सांगतो, हो, देव सोडलेला असूनही शपथ घेतो, माझ्या तोंडून वाक्य निघालं की भाऊ, यात जातीचा काही प्रश्न नाही, स्वच्छतेचा प्रश्न आहे.

डोमाजीचं चावणं थांबलं. रागावला असता तर बरं झालं असतं.

"मास्तर आलते तवा तू अठीच बसेल होता ना?" तो म्हणाला. "हेच बोलले होते. त्यायचा शब्द तू पाठ करून ठेवला काय?"

मी म्हटलं, भाऊ, तुमच्या चक्कीचा विचार करून बोलतोय. वस्ती गेली तर तुमच्याजवळ काय राहील? तो म्हणाला, "रेघ राहीन." आणि उठून इंजन सुरू करायला गेला. साडेबारा वाजायला अजून दहा मिनिटं होती. त्याने जेवणाची सुट्टी मोडलेली मी तेवढी एकदाच पाहिली.

वस्ती गेली. गल्लीतले लोकही बिचकले, कारण चंपाबाईचं नाव त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागला नाही, आणि या बाबतीत गल्ली आणि वस्ती यांचं पहिल्यांदाच एकमत झालं. रेघेवर डबे उरले ते नदीकाठच्या दहा-पंधरा घरांचे, आठवड्यातून एकदा येणारे. उरलेले दिवस चक्की उघडी आणि रेघ रिकामी. डोमाजी कोट घालून, बटणं लावून स्टुलावर बसलेला असायचा. मी कचेरीला जाताना पलीकडच्या बाजूने जायचो. गयाबाई शेतावर मजुरीला जाऊ लागली. गावात बोललं जाऊ लागलं की इंजन विकायला काढलं आहे, आणि डोमाजी पुन्हा कचेरीत शिपायाच्या जागेसाठी अर्ज करणार आहे. ही दुसरी अफवा कुणी उठवली ते मला माहीत आहे, कारण मीच म्हटलं होतं की आता तेवढाच मार्ग आहे.

चंपाबाईच्या कानावर हे गेलंच. एक दिवस ती रिकाम्या हाताने आली आणि म्हणाली, भाऊ, मी घरच्या जात्यावर दळीन. तुमची चक्की माझ्यापायी बुडू नये. हे मला पुढे गयाबाईने सांगितलं. चंपाबाई तेवढं बोलून वळली. ती गेली. दोन दिवस गेले, तीन गेले, ती आली नाही. तिच्या बाजूच्या घरांतूनही कुणी आलं नाही.

चौथ्या दिवशी रविवार होता. वस्तीतले सगळे पुरुष घरी होते, मी ओट्यावर बसून दाढी करत होतो. नदीच्या बाजूने डोमाजी येताना दिसला. खाकी कोट, गळ्यापर्यंत बटणं आणि खांद्यावर चंपाबाईचा डबा. तो तिच्या घरी जाऊन स्वतः घेऊन आला होता. रस्ता चक्कीकडे सरळ जात होता, पण तो आमच्या वस्तीतून वळसा घालून आला. माझ्या ओट्यासमोरून गेला. सखूबाईच्या दारासमोरून गेला. कुणाकडे पाहिलं नाही. मागे दहा पावलांवर चंपाबाई पदर तोंडाशी धरून चालत होती, आणि तिला इतकी लाज वाटत होती की जणू चोरी तिनेच केली होती. थोड्या वेळाने इंजनाचा आवाज ऐकू आला. एका डब्यासाठी इंजन सुरू झालं होतं. माझ्या गालावरचा साबण वाळून गेला.

त्याने वस्ती विरघळली असं कुणाला वाटत असेल तर त्याला आमची वस्ती माहीत नाही. कुणी गेलं नाही. गल्लीची माणसं मात्र महिन्याभरात परत आली, त्यांची पूल ओलांडण्याची सवय एकदा मोडलेली होती. आम्ही अडीच महिने टिकलो. गल्लीचा धर्म जुना होता, लवकर दमला. आमचा नवा, दमदार.

आम्ही मोडलो ते शहाणे होऊन नव्हे. आमच्या बायका या अडीच महिन्यांत नदीपलीकडच्या चक्कीवर जात होत्या. तिथे काय होतं ते त्यांनी कुणी आम्हाला सांगितलं नाही. एक दिवस माझी बायको भर उन्हात डोक्यावर डबा घेऊन परत आली, डबा खाली ठेवला आणि तशीच भिंतीला टेकून बसली. दळण झालं का विचारलं, तर म्हणाली, नाही. तिकडचा चक्कीवाला म्हणाला की तुमचे डबे दुपारी, सकाळी आमच्याकडच्या लोकांचे असतात. पहिल्या दिवसापासून तो हेच म्हणत होता, आणि आमच्या बायका पहिल्या दिवसापासून दुपारी जात होत्या. एकमेकींना सांगत होत्या की दुपारी गर्दी कमी असते. त्या दिवशी दुपारीही त्याने उशीर केला आणि ती दळण न घेता परतली.

दुसऱ्या सकाळी ती डबा घेऊन डोमाजीकडे गेली. मग सखूबाई गेली. डोमाजीने त्यांना एक शब्द ऐकवला नाही. त्या आत आल्या तेव्हा त्याने फक्त रेघेच्या शेवटाकडे बोट दाखवलं. व्याख्यानातले ते नागपूरचे गृहस्थ असते तर त्यांनी याला क्षमाशील वृत्ती म्हटलं असतं. मला तसं वाटत नाही. मला वाटतं, ज्याला पाळी आहे त्याला क्षमेची गरज नाही, एवढाच त्याचा हिशेब होता. पण माझी गोष्ट वेगळी होती. मी डबा घेऊन जाणाऱ्यांपैकी नव्हतो, मी समजावायला गेलेला होतो. बायका परत जाऊ लागल्या तरी मी पलीकडच्या बाजूनेच कचेरीला जात राहिलो. एक वर्ष, दोन वर्षं. समोरासमोर आलोच तर तो "काय बाबू" म्हणायचा आणि मी "काय भाऊ" म्हणायचो.

चौसष्ट साली माझी तिवशाला बदली झाली. सामान बैलगाडीवर चढलं, बायको-पोरं मोटारस्टँडकडे पुढे गेली. मी म्हटलं, आलोच. आणि चक्कीवर गेलो.

सकाळचे साडेनऊ वाजले असतील. इंजन जोरात चाललं होतं, पट्टा फडफडत होता, सगळीकडे पीठ. रेघेवर सात-आठ डबे होते आणि भिंतीला टेकून बायका उभ्या होत्या, गल्लीतल्या, वस्तीतल्या, आणि त्यांच्यामध्ये चंपाबाई. मला वाटलं होतं, मला पाहून तो उठेल, बाहेर येईल, दोन शब्द बोलू. त्याने मला पाहिलं आणि हात आडवा धरला. मी रेघेच्या शेवटी जाऊन उभा राहिलो. माझ्याजवळ डबा नव्हता, त्यामुळे मीच उभा राहिलो, चंपाबाईच्या डब्याच्या मागे. माझ्यानंतर आणखी दोन बायका आल्या आणि त्यांनी आपले डबे माझ्या पायांमागे लावले. मोटार चुकणार हे मला दिसत होतं. अर्धा तास गेला. चंपाबाईचं दळण झालं, तिने डबा उचलून कडेला ठेवला, पण ती गेली नाही.

मी पुढे सरकलो. डोमाजीने कोटाच्या बाहीने कपाळावरचं पीठ पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं.

मी हळूच म्हणालो, भाऊ, त्या वेळी माझं चुकलं.

त्याने कानामागे पंजा धरला. "आयकू नाई आलं," तो म्हणाला. "इंजन चालू हाये. जोरानं बोल."

सात वर्षं तो त्या आवाजात बसत होता. दाराशी बायका पुटपुटायच्या ते त्याला शब्दन्शब्द समजायचं. मी मागे पाहिलं. सगळ्या बायका माझ्याकडे पाहत होत्या, सखूबाई, वकिलीणबाई, चंपाबाई. मी घसा साफ केला आणि ओरडून सांगितलं की त्या वेळी माझं चुकलं.

डोमाजीने मान हलवली. मग माझ्या खांद्यावरून मागच्या बाईकडे पाहून म्हणाला, "आन माय, डबा पुढं."